रक्त नाही, फ्रॅक्चर नाही, तरी बोटाचं टोक वाकत नाही? मग ते 'मुका मार' म्हणून सोडू नका

समजा, केडगाव किंवा पाटसच्या एखाद्या मैदानावर कबड्डीचा सामना रंगलाय. चढाई करून परत पळणाऱ्या पोराची बनियन एका क्षेत्ररक्षकाच्या बोटांत सापडते. तो मूठ आवळतो, समोरचा पूर्ण जोर लावून निसटतो आणि क्षेत्ररक्षकाच्या करंगळीशेजारच्या बोटात 'टक्' असं काहीतरी होतं. रक्त येत नाही. बोट थोडं सुजतं. स्प्रे मारतात, पट्टी बांधतात, सामना पुढे सुरू. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला जातो आणि तो निघतो नॉर्मल. मग सगळ्यांचं एकमत होतं की मुका मार आहे, आठ दिवसांत बरं होईल.

आठ दिवसांत सूज उतरतेसुद्धा. दुखणं कमी होतं. फक्त एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे त्या बोटाचं टोक वाकत नाही.

बोट वाकवणारी जी दोरी असते, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, ती कातडी न फाटता आतल्या आत तुटू शकते. याला 'क्लोज्ड टेंडन रप्चर' म्हणतात. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत सापडली, तर ती एका ऑपरेशनमध्ये परत हाडाला बसवता येते. दोन महिन्यांनी सापडली, तर तेच काम दोन ऑपरेशनांचं होतं, किंवा होतच नाही. म्हणजे सगळा खेळ ती दुखापत वेळेत ओळखण्याचा आहे. आणि ओळखायला फार काही लागत नाही, एक हात आणि एक मिनिट पुरतं.

'शीर' तुटली म्हणजे नेमकं काय तुटलं?

आपल्याकडे टेंडनलाही 'शीर' म्हणतात आणि रक्तवाहिनीलाही 'शीर'च म्हणतात. कुणी कुणी दोन्हीला 'नस' म्हणतं. गोंधळ इथूनच सुरू होतो. "शीर तुटली असती तर रक्त नसतं का आलं?" हा प्रश्न अगदी बरोबर वाटतो, पण तो वेगळ्याच शिरेबद्दलचा आहे.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. बोटांत स्वतःचे वाकवणारे स्नायू नसतात. ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात. तिथे स्नायू आवळला की त्याची दोरी मनगटातून, तळहातातून बोटापर्यंत ओढली जाते आणि बोट वाकतं. सायकलच्या ब्रेकची वायर डोळ्यासमोर आणा. हँडलवर दांडी दाबली की लांब चाकाजवळचा ब्रेक लागतो, कारण मधे वायर आहे आणि तिला जागेवर धरून ठेवणारं कव्हर आहे. बोटातही असं कव्हर असतं, आणि दोरी हाडापासून सुटून वर येऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या असतात. त्यांना पुली म्हणतात.

आता ब्रेकची वायर चाकाजवळ सुटली तर? दांडी दाबली जाते, हँडलपाशी सगळं ठीक दिसतं, ब्रेक मात्र लागत नाही. बोटाचंही नेमकं तेच होतं.

अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला अशा दोन दोऱ्या आहेत. एक वरच्या थरातली, ती मधल्या पेरावर संपते आणि बोटाचा मधला सांधा वाकवते. दुसरी खोल थरातली, ती पहिल्या दोरीच्या मधून आरपार जाऊन थेट शेवटच्या पेरापर्यंत पोचते आणि नखाजवळचा सांधा वाकवते. बंद दुखापतीत बहुतेक वेळा ही खोल दोरी तुटते. वरची दोरी शाबूत असल्यामुळे बोट मधल्या सांध्यात मस्त वाकतं. माणूस मूठ वळून दाखवतो, तपासणारा म्हणतो "वाकतंय की!", आणि केस तिथेच हातातून निसटते.

इतकी चिवट दोरी तुटतेच कशी?

निरोगी टेंडन मधोमध सहसा तुटत नाही. १९३३ साली पॉल मॅकमास्टर या अमेरिकी डॉक्टरने सशांवर केलेला प्रयोग यासाठी आजही सांगितला जातो. टेंडनचे निम्मे धागे कापूनही ती नेहमीच्या ताणाला तुटली नाही. फार मोठा ताण दिला तेव्हा निरोगी टेंडन मधे तुटण्याऐवजी हाडाला चिकटलेल्या जागी, स्नायूला जोडलेल्या जागी, किंवा खुद्द स्नायूतच फाटलं.

बोटाच्या बाबतीत ही कच्ची जागा म्हणजे शेवटच्या पेराचं बूड, जिथे दोरी हाडाला चिकटलेली असते. मूठ आवळलेली आहे, स्नायू पूर्ण ताकदीने ओढतोय आणि त्याच क्षणी बाहेरून कुणीतरी बोटाचं टोक उलट दिशेला, म्हणजे सरळ, ओढतंय. दोन्हीकडच्या ओढाताणीत दोरी हाडावरून उखडते, कधी नुसती, तर कधी हाडाचा कपचा घेऊन.

रग्बी आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरच्याची जर्सी पकडताना हे वारंवार होतं म्हणून डॉक्टरांनी त्याला 'जर्सी फिंगर' नाव दिलं. आपल्याकडे रग्बी किती जण खेळतात? पण नावावर जाऊ नका. कबड्डीत कपडे धरणं नियमात बसत नाही, तरी पळत्या माणसाला थांबवताना बोटं बनियनीत, चड्डीच्या काठात नाहीतर घोट्याखाली अडकतातच. गोठ्यात दावं बोटांभोवती गुंडाळून गाय धरलीय आणि तिने हिसका दिला, हाही तोच प्रकार. धावत्या गाडीचा दांडा धरून चढताना हात सुटतो, तोही तोच. दौंडहून रोज पुण्याला रेल्वेने ये-जा करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रस्सीखेच, बैलगाड्याचा कासरा, ट्रॉलीवर बांधलेल्या उसाचा दोर, सगळीकडे आवळलेली मूठ आणि उलटा हिसका हेच जोडीने येतं.

आणि दर वेळी अनामिकाच का?

चारपैकी साधारण तीन केसेसमध्ये ही दुखापत करंगळीशेजारच्या बोटाला, म्हणजे अनामिकेला होते. त्याची दोन-तीन कारणं दिली जातात. एक तर कशावर तरी पकड बसवून मूठ आवळली की अनामिकेचं टोक बाकीच्या बोटांपेक्षा थोडं पुढे राहतं, त्यामुळे हिसका आधी त्यालाच बसतो. दुसरं, या बोटाची दोरी हाडाला जिथे चिकटते तो जोड मधल्या बोटापेक्षा कमकुवत असल्याचं मोजमापात दिसलंय. तिसरं कारण तुम्ही आत्ता बसल्या जागी बघू शकता. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि आता अनामिका वर उचलून दाखवा. उचलली जात नाही ना? हे बोट शेजाऱ्यांशी इतकं बांधलेलं आहे की संकटात त्याला एकट्याने बाजूला होता येत नाही.

एका मिनिटाची चाचणी

मार लागलेला हात टेबलावर उताणा ठेवा, सैल सोडा आणि नुसतं बघा. सैल सोडलेल्या निरोगी हाताची बोटं कधीच सपाट पडत नाहीत. तर्जनी सगळ्यात कमी वाकलेली, मग मधलं बोट थोडं जास्त, अनामिका आणखी, करंगळी सगळ्यात जास्त, अशी एक उतरंड दिसते. या रांगेत एखाद्याच बोटाचं टोक सरळ, ओळ सोडून वर आलेलं दिसलं, तर शंका घ्यायला तेवढंच पुरेसं आहे.

मग दुसऱ्या हाताने त्या बोटाचं मधलं पेर टेबलाशी सरळ दाबून धरा, म्हणजे मधला सांधा हलू शकणार नाही. आता फक्त शेवटचं पेर वाकवायचा प्रयत्न करा. जराही वाकलं तर खोल दोरी जोडलेली आहे, पूर्ण नाही तरी काही भाग तरी. अजिबात वाकलं नाही तर ती तुटली असण्याची शक्यता मोठी आहे. अंगठ्याचं मधलं पेर नसतं, तिथे बुडाकडचं पेर धरून टोक वाकवून बघायचं.

वरच्या दोरीची चाचणी याच्या उलटी आहे. बाकीची तीन बोटं सरळ धरून ठेवायची आणि संशयाचं एकटंच बोट वाकवायला सांगायचं. मधल्या सांध्यात वाकलं तर वरची दोरी ठीक. (काही लोकांची करंगळी मुळातच या चाचणीत नापास होते, म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना करायची.)

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. दुखतंय म्हणून माणूस बोट हलवत नाही आणि सगळे समजतात की दुखण्यामुळेच वाकत नाही. पहिल्या दिवशी हे खरंही असू शकतं. म्हणून एकदा बघून सोडून न देता दोन-तीन दिवसांनी परत बघायचं. दुसरं म्हणजे जोर लावायचा नाही. अर्धवट फाटलेली दोरी चाचणीच्या नादात पूर्ण तुटायला नको.

आणि हो, याच्या बरोबर उलटी एक दुखापत आहे, तिच्याशी गल्लत करू नका. क्रिकेटचा बॉल बोटाच्या टोकावर बसला आणि टोक खाली लोंबायला लागलं, वाकतं पण सरळ होत नाही, तर ती बोट सरळ करणारी मागची दोरी सुटलेली असते. तिला 'मॅलेट फिंगर' म्हणतात. तिथे सहसा ऑपरेशन लागत नाही, सहा ते आठ आठवडे सलग पट्टीत टोक सरळ ठेवून काम होतं. पुढची दोरी मात्र नुसत्या पट्टीने जुळत नाही, कारण तिचं टोक जागेवर थांबलेलंच नसतं.

एक्स-रे नॉर्मल आला, मग?

एक्स-रेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. त्यामुळे 'नॉर्मल एक्स-रे' याचा अर्थ हाडाचा कपचा उडालेला नाही, इतकाच. दोरी नुसतीच उखडली असेल तर एक्स-रे स्वच्छ येणार, आणि गंमत म्हणजे सगळ्यात घाईची दुखापत नेमकी याच स्वच्छ एक्स-रेवाल्यांत सापडते. ते पुढे येईल.

तरीही एक्स-रे काढायचाच, फक्त नीट काढायचा. अख्ख्या पंजाचा आडवा फोटो काढला की चार बोटं एकमेकांवर येतात आणि शेवटच्या पेराजवळचा बारीक कपचा दिसत नाही. त्या एकाच बोटाचा बाजूने फोटो लागतो. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या.

डॉक्टर आणखी काय बघतात? तळहात आणि बोट दाबत येतात. तुटलेली दोरी मागे सरकून जिथे थांबली असेल तिथे दाबल्यावर दुखतं, कधी बारीक गाठही लागते. दुखणारी जागा मधल्या सांध्याशी आहे की तळहातात, यावरून दोरी किती मागे गेली त्याचा अंदाज येतो. मग मनगट मागे-पुढे वाकवून बघतात. मनगट मागे नेलं की निरोगी बोटं आपोआप आत वळतात, दोरी तुटलेल्या बोटाचं टोक मात्र ढिम्म राहतं. ही साधी युक्ती फार कामाची आहे, कारण कधी कधी दोरी शाबूत असते आणि तिच्या स्नायूला आज्ञा देणारी नसच काम करत नसते. अंगठा आणि तर्जनी दोन्हीची टोकं मार न लागता एकदम वाकेनाशी झाली तर हा संशय घेतात. अशा वेळी मनगट हलवल्यावर बोटं नेहमीसारखी वळतात.

शंका उरली तर सोनोग्राफी. बोट हलवत असताना दोरी सरकते का हे तिच्यात थेट दिसतं आणि तुटलेलं टोकही शोधता येतं. पण पोटाची सोनोग्राफी आणि बोटाची सोनोग्राफी यांत फरक आहे. बोटासाठी वेगळा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब आणि त्याची सवय असलेला रेडिओलॉजिस्ट लागतो. एमआरआयमध्येही दिसतं, पण खर्च आणि वेळ जास्त. चाचणीत सगळं स्पष्ट असेल तर निव्वळ एमआरआयची तारीख मिळेना म्हणून आठवडा घालवण्यात काही शहाणपण नाही.

दहा दिवसांचं गणित कुठून आलं?

१९७७ मध्ये लेडी आणि पॅकर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी खेळाडूंच्या अशा दुखापतींची वर्गवारी मांडली. ती आजही वापरतात. तिचा मुद्दा एकच, दोरी किती मागे पळाली?

पहिल्या प्रकारात ती थेट तळहातात जाऊन बसते. जाताना तिला रक्त पुरवणारे नाजूक पडदे तुटतात. आतला स्नायू आखडतो, दोरीचं टोक सुजतं आणि बोटातली रिकामी नळी आकसायला लागते. म्हणून इथे घाई असते. आठवड्या-दहा दिवसांत ऑपरेशन झालं पाहिजे असं सर्जन सांगतात. हाडाचा कपचा नसतो, म्हणून एक्स-रे स्वच्छ असतो. मघाशी म्हटलं ते हेच.

दुसऱ्या प्रकारात दोरी मधल्या सांध्याजवळ अडकून राहते. रक्तपुरवठा थोडाफार टिकतो. काही आठवड्यांनंतरही ती परत बसवता येते, पण ती कधीही आणखी मागे सरकू शकते, त्यामुळे वेळ आहे म्हणून कुणी थांबत नाही. तिसऱ्यात हाडाचा मोठा तुकडा दोरीसोबत निघतो आणि शेवटच्या पेराजवळच्या पुलीपाशी अडकतो, म्हणून दोरी फार लांब जात नाही. नंतरच्या काळात चौथा प्रकार जोडला गेला, तो फसवा आहे. हाडाचा तुकडा उडतो आणि त्या तुकड्यावरूनही दोरी सुटते. एक्स-रेत तुकडा बोटाच्या टोकाशी दिसतो, सगळे निवांत होतात, आणि दोरी प्रत्यक्षात तळहातात असते.

बाहेरून बघून पहिला प्रकार की दुसरा हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून निदान झालं की प्रत्येक केस घाईची समजायची.

तोवर घरी काय करायचं? बोटात अंगठी असेल तर लगेच काढा, सूज आल्यावर ती कापावी लागते. बर्फ कपड्यात गुंडाळून लावा, हात उंच ठेवा, बोट सैल, थोडं वाकलेलं राहील अशी साधी पट्टी बांधा. चोळायचं नाही, ओढायचं नाही. हाडवैद्याकडे जाऊन बोट 'बसवून' घेणं आणि तेल लावून रोज मालिश करणं यात दोरी परत जागेवर येण्याची शक्यता शून्य, आणि दहापैकी सहा-सात दिवस मात्र तिथेच संपतात.

कुठे जायचं?

पहिली तपासणी आणि एक्स-रे दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. पुढचं काम हँड सर्जरीची सवय असलेल्या ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जनचं आहे. त्यासाठी बहुतेकांना पुणं गाठावं लागतं. सरकारी पर्याय म्हणजे ससून. दोन्ही गावांपासून हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे अडचण अंतराची कमी आणि चिठ्ठीची जास्त. चिठ्ठीवर 'बोटाला मार' लिहिलेलं असेल तर ओपीडीत तुम्ही रांगेत मागे राहाल. 'अमुक तारखेला दुखापत, शेवटचं पेर स्वतःहून वाकत नाही, फ्लेक्सर टेंडन तुटल्याचा संशय' एवढं लिहून घेतलं तर समोरच्याला घाई कळते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती प्रत्येक रुग्णालयात आणि प्रत्येक ऑपरेशनला लागू होत नाही, म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठून तुमच्या ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. कुरकुंभ किंवा रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहात आणि पगारातून ईएसआय कापला जातो? मग उपचाराचा आणि आजारपणाच्या रजेच्या पैशाचा हक्क तिथून येतो. कामावर असताना मार लागला असेल तर त्याची नोंद त्याच दिवशी करून घ्या. रक्त न आलेल्या दुखापतीची नोंद सुपरवायझर टाळतो आणि दोन महिन्यांनी ती कामावरच झाली हे सिद्ध करणं अवघड जातं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

बोटाच्या पुढच्या बाजूला नागमोडी काप घेतात. सरळ उभा काप घेतला तर त्याचा वण आखडून बोट वाकडं होतं, म्हणून नागमोडी. दोरी तळहातात गेली असेल तर तिथे एक छोटा काप घेऊन ती शोधतात, तिला बारीक नळीच्या टोकाला बांधतात आणि पुलींच्या खालून अलगद पुढे ओढून आणतात. नाडा ओवतो तसंच, फक्त पुली फाटता कामा नयेत.

मग दोरी हाडाला पक्की करायची. जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत अशी की टेंडनला मजबूत टाका घालायचा, टाक्याची दोन टोकं शेवटच्या पेराच्या हाडातून आरपार नखावर काढायची आणि तिथे चक्क एका बटणावर गाठ मारायची. हो, शर्टाला असतं तसलंच बटण, निर्जंतुक केलेलं. साधारण सहा आठवड्यांनी दोरी हाडाला चिकटली की टाका कापून बटण काढून टाकतात. दुसऱ्या पद्धतीत हाडात बारीकसा अँकर बसवतात, त्यालाच धागा जोडलेला असतो. बाहेर काही दिसत नाही, खर्च मात्र वाढतो. बटणवाल्या पद्धतीत नखाचा त्रास आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, अँकर कधी सुटू शकतो. दोन्ही चालतात. सर्जनचा हात कशावर बसलाय ते जास्त महत्त्वाचं. हाडाचा मोठा तुकडा असेल तर तो बारीक स्क्रू किंवा वायरने बसवतात.

भूल बहुतेक वेळा फक्त हाताला देतात. अलीकडे आणखी एक पद्धत वाढलीय, तिला 'वॉलंट' म्हणतात. रुग्ण पूर्ण जागा असतो, दंडाला रक्त थांबवणारा पट्टा बांधत नाहीत, फक्त हातात लिग्नोकेन आणि अॅड्रिनलिनचं इंजेक्शन. बोटात अॅड्रिनलिन दिलं तर बोट काळं पडतं असं डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं होतं. कॅनडाचे डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाताच्या अशा ३,११० सलग केसेसचा अभ्यास मांडला, त्यात एकाही बोटाचं तसं नुकसान झालं नव्हतं. रुग्ण जागा असण्याचा फायदा असा की कातडी शिवायच्या आधी सर्जन म्हणू शकतो, "बोट वाकवून दाखवा बघू." दोरी कुठे अडकत असेल, टाका सैल असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते.

दोरी ओढून बसवताना ती फार आखूड करूनही चालत नाही. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या खोल दोऱ्यांचा स्नायू बराचसा एकच आहे. एक दोरी सेंटिमीटरभर आखूड झाली की ते बोट आधीच पूर्ण वाकून थांबतं आणि बाकीच्या बोटांनाही पूर्ण वळू देत नाही. याला 'क्वाड्रिगा' म्हणतात, म्हणजे चार घोड्यांचा रोमन रथ. चार लगाम एकाच मुठीत, एक आखूड झाला की चारही घोडे अडतात.

पुढचे बारा आठवडे

ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं, खरी मेहनत त्यानंतर आहे. हाताच्या मागच्या बाजूने एक स्प्लिंट देतात, ज्यात बोटांची मुळं वाकलेली राहतात आणि बोट पूर्ण सरळ ताणलं जात नाही. पण हात नुसता बांधूनही ठेवत नाहीत. दोरी हललीच नाही तर ती आजूबाजूला चिकटते आणि जास्त हलली तर तुटते. या दोन्हींच्या मधली वाट फिजिओथेरपिस्ट दाखवतात. सहसा पहिल्या आठवड्यातच ठरावीक, हलके व्यायाम सुरू होतात.

दुखणं थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणसाला वाटतं की झालं बरं. टाका कच्चा असतो तो याच काळात. बादली उचलली, बाइकचा क्लच दाबला आणि दोरी पुन्हा सुटली असं होऊ शकतं. साधारण सहा आठवडे स्प्लिंट, मग हळूहळू ताकदीचे व्यायाम, जड काम बारा आठवड्यांनंतर, कबड्डीसारखा खेळ तीन-चार महिन्यांनी सर्जनला विचारून. सगळं नीट झालं तरी नखाजवळचा सांधा थोडा आखडलेला राहतो, शेवटचे काही अंश सरळ होत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

मार न लागताही दोरी तुटते का?

तुटते, पण तिथे दोरी आधीच झिजलेली असते. जुना आमवात असलेल्यांत मनगटातल्या खडबडीत हाडावर घासून अंगठ्याची दोरी तुटते. मनगटाच्या फ्रॅक्चरला पुढच्या बाजूने प्लेट टाकलेली असेल आणि तिची कड टेंडनला घासत असेल, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एक दिवस अंगठ्याचं टोक वाकेनासं होतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बुडात एक आकड्यासारखं हाड असतं, त्याचं जुनं न जुळलेलं फ्रॅक्चर करंगळीची दोरी कापतं. प्लेट टाकलेल्या मनगटात बोट वाकवताना करकर जाणवत असेल तर तुटायची वाट बघू नका, सर्जनला दाखवा. अशा झिजलेल्या दोरीची टोकं सहसा जोडता येत नाहीत. शेजारची दोरी वळवून किंवा दुसरीकडची दोरी आणून काम भागवतात, आणि घासणारं कारण आधी काढावं लागतं.

दोन-तीन महिने उलटून गेले असतील तर?

मग एकच उत्तर नाही, आणि इथे घाईही नाही. एक पर्याय म्हणजे नवीन दोरी. अनेकांच्या मनगटात मधोमध एक जास्तीची टेंडन असते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवलं की ती उठून दिसते, काहींना ती नसतेच. ती काढून बोटात बसवता येते. बोटातली नळी आकसलेली असेल तर आधी सिलिकॉनची दांडी घालून तीन महिने मार्ग तयार करतात आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये खरी दोरी ओवतात. म्हणजे दोन ऑपरेशनं आणि दोन वेळा फिजिओथेरपी. यात वरची चालू दोरीही चिकटून बसण्याचा धोका आहे, म्हणजे आज अर्धं वाकणारं बोट उद्या त्याहून कमी वाकेल. दुसरा पर्याय, शेवटचा सांधा थोड्या वाकलेल्या स्थितीत कायमचा पक्का करणं. टोक वाकणार नाही, पण चिमटीत वस्तू धरताना ते मागेही पडणार नाही.

आणि तिसरा पर्याय म्हणजे काहीच न करणं. वरची दोरी शाबूत असेल, दुखत नसेल, तळहातातल्या गाठीचा त्रास नसेल, तर अनेक लोक एका न वाकणाऱ्या टोकासह सगळी कामं करतात. मला हा पर्याय कमीपणाचा वाटत नाही. हंगामात कारखान्याच्या फडात ऊसतोडीला आलेल्या माणसाला "सहा महिने कोयता धरू नका" म्हणणं म्हणजे अख्ख्या घराचा हंगाम बुडवणं. तबला किंवा हार्मोनियम वाजवणारा, लेथवर बारीक काम करणारा किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा तोच सौदा वेगळ्या नजरेने बघेल. म्हणून उशिरा गेलात तर सर्जनला "बोट पूर्वीसारखं होईल का" यासोबत आणखी तीन प्रश्न विचारा. काहीच केलं नाही तर काय बिघडेल, माझा हात एकूण किती दिवस कामाबाहेर राहील, आणि ऑपरेशन फसलं तर बोट आजच्यापेक्षा वाईट होऊ शकतं का?